खराब झाले? गुरांना घाला!

गेल्या वर्षी वसुबारसेला मी कऱ्हाडकडच्या आमच्या गावी होतो. तिथे हा सण अजून जुन्या थाटात होतो. दिवस मावळायच्या सुमारास वहिनी ताम्हनात हळदकुंकू, फुले आणि निरांजन घेऊन गोठ्यात आली. तांबडीच्या कपाळी कुंकू लागले, वासराच्या गळ्यात झेंडूची माळ पडली, दोघांना बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी मिळाली. आमच्या घरी त्या दिवशी गहू-मूग शिजत नाही आणि गाईचे दूधही कोणी पीत नाही. तो दिवस वासराचा. शहरात राहणाऱ्या माणसाला असे काही पाहिले की गहिवर येतो. मलाही आला.

तो ओसरण्यापूर्वीच आमच्या दादाने भिंतीकडेचे सरकी पेंडेचे पोते पुढे ओढले. परतीच्या पावसात ती भिंत पाझरली होती आणि पोत्याची एक बाजू ओलसर राहिली होती. आतून निघालेल्या ढेकळांवर हिरवट-पिवळी लव चढलेली, वास कुबट. दादाने एक ढेकूळ तळहातावर फोडले, त्यावर फुंकर मारली आणि ते आंबोणाच्या घमेल्यात टाकले.

"दादा, ही पेंड बुरसली आहे."

"मग? माणसांना थोडीच घालायची आहे? गुरं आहेत. त्यांना काय होतंय!"

या "त्यांना काय होतंय"शी माझे भांडण आहे. दादाशी नाही. ते वाक्य त्याच्या एकट्याचे असते तर त्यासाठी दिवाळी अंकाची पाने अडवण्याचे काही कारण नव्हते. पण ते साऱ्या महाराष्ट्राचे वाक्य आहे. भाकरी बुरसली, गुरांना घाला. शेंगदाणे खवट निघाले, गुरांना घाला. पोत्याच्या तळचा मका काळा पडला, तर कोंबड्या आहेतच. अन्न टाकले नाही हे पुण्य, आणि आपण ते खाल्ले नाही हा शहाणपणा, अशा दुहेरी समाधानात आपण ही विल्हेवाट पिढ्यानपिढ्या लावीत आलो आहोत. मी स्वतः याच वाक्यावर वाढलो. दिवाळीच्या चिवड्यासाठी आजी दाणे निवडीत बसे. सुरकुतलेले, काळवंडलेले, फुटके दाणे ती एका वाटीत टाकी, आणि ती वाटी गोठ्यात रिकामी करून येणे हे माझे काम असे. संध्याकाळी त्याच गोठ्यातले धारोष्ण दूध मला मिळे. तेव्हा या खटल्यात पहिला आरोपी म्हणून माझेच नाव घातलेले बरे.

ती लव म्हणजे काय, हे जगाला कळले त्याची कथा विलायतेतली आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की नावाचे कोंबडीवजा मोठे पक्षी पटापट मरू लागले. एक लाखाहून अधिक मेले. नाताळच्या मेजवानीचा पक्षी तो. ओरड झाली नसती तरच नवल. रोगजंतू शोधले, ते सापडेनात. म्हणून त्या रोगाला नुसते "टर्की एक्स" असे नाव पडले. अखेरीस माग लागला तो त्यांच्या खाद्याचा. त्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती आणि त्या पेंडीवर ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाच्या बुरशीने आपला कारभार केलेला होता. त्या बुरशीच्या नावातली अक्षरे जोडून विषाचे नाव ठेवले अफ्लाटॉक्सिन. अतिनील किरणांखाली ते चकाकते. त्याचे काही प्रकार निळे दिसतात, काही हिरवे, आणि इंग्रजीतल्या या दोन रंगांच्या आद्याक्षरांवरून त्यांना बी आणि जी ही नावे मिळाली. सर्वांत जहाल तो बी-१.

बुरशी म्हणजे सरसकट वैरीण, असे मात्र कोणी समजू नये. पेनिसिलिन बुरशीनेच दिले. आणि या फ्लेव्हसची एक सख्खी बहीण जपानात सोयाबीन आंबवून देते; तिच्यावाचून तिथला स्वयंपाक चालत नाही. पण ही आपली बहीण तशी नव्हे. उष्ण हवेत आणि ओलीत तिला बहर येतो. पीक शेतात उभे असतानाही ती शिरते. भुईमूग पोसताना शेवटी पावसाने ताण दिला, शेंगेला भेग पडली किंवा किडीने भोक पाडले, की तिला दार उघडेच मिळाले. मग काढणीनंतर माल ओला राहिला की उरलेले काम घरात पुरे होते.

आता या विषाचा सर्वांत दुष्ट गुण सांगतो. ते उकळून जात नाही. भाकरी भाजताना, भात शिजताना, दूध तापताना आपल्या चुलीवर जेवढी उष्णता असते तिला ते दाद देत नाही. भाजल्याने थोडे कमी होते, पण नाहीसे होत नाही. त्याला स्वतःचा वास नाही, चव नाही. बुरशी डोळ्यांना दिसते तेव्हा विष असेलच असे नाही, आणि बुरशी पुसून, उन्हात घालून, दाणे चकचकीत केले तरी विष आत राहिलेले असू शकते. दादाच्या फुंकरीने लव उडाली. विष घमेल्यात गेले.

आणि गुरांना काय होते? एक तर त्यांनाही होतेच. खाणे मंदावते, यकृत बिघडते, दूध घटते. पण आपल्या आप्पलपोट्या भाषेत विचारायचे तर प्रश्न असा की, आपल्याला काय होते? गाय खाल्लेल्या बी-१ विषाचे शरीरात रूपांतर करते आणि त्यातला काही अंश, शेकडा एक ते सहाच्या आसपास, दुधावाटे बाहेर टाकते. दुधातले म्हणून त्याला एम-१ म्हणतात. आज खाल्लेले उद्याच्या धारेत उतरते. खाणे थांबवले तर तीन-चार दिवसांत धार निर्मळ होते. म्हणजे "गुरांना घाला" या वाक्याचा उत्तरार्ध आपण कधी उच्चारीत नाही, एवढेच. तो असा: "आणि मग मुलांना पाजा."

हे मी भीती घालण्यासाठी लिहितो आहे, असे काही वाचकांना वाटेल. सणासुदीला असले विषय काढू नयेत, असेही वाटेल. पण याच सणाच्या तोंडावर, याच पावसाने, आपल्या शेजारी काय केले ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

गुजरातचा पंचमहाल जिल्हा आणि त्याला लागून असलेला राजस्थानातला बांसवाडा. १९६० पर्यंत पंचमहाल आपल्याच मुंबई राज्यात होता. डोंगराळ, कोरडवाहू मुलूख; वस्ती भिल्लांची; पीक आणि अन्न एकच, मका. १९७४ साली पीक हाताशी आलेले असताना अवेळी पाऊस झाला. कणसे ताटावरच भिजली. ती तशीच ओली घरात आली आणि कोठ्यांत भरली गेली. भरली गेली, कारण दुसरे काय करणार? वाळवायला ऊन नव्हते आणि वाट पाहायला घरात धान्य नव्हते. वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत माणसांना कावीळ होऊ लागली. पोटात पाणी भरे, पाय सुजत आणि पुष्कळजण रक्ताच्या उलट्या होऊन, आतल्या आत रक्तस्राव होऊन दगावत. कावीळ म्हटली की पाण्याकडे बोट दाखवण्याची आपली सवय. इथे दोष पाण्यात नव्हता. त्याच घरांतली, तेच मक्याचे तुकडे खाणारी कुत्रीही पोटे फुगून मरत होती.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे कृष्णमाचारी, रमेश भट, नागराजन आणि टिळक हे तिथे गेले. त्यांनी रुग्ण पाहिले, घरांतला मका तपासला आणि १९७५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात आपला अहवाल छापला. दीडशेहून अधिक गावे, ३९७ रुग्ण, १०६ मृत्यू. दर किलो मक्यात सव्वासहा ते साडेपंधरा मिलिग्रॅमपर्यंत अफ्लाटॉक्सिन. आज आपला कायदा धान्यात किलोमागे १५ मायक्रोग्रॅम चालवून घेतो. त्या मापाने हा मका चारशे ते हजार पटींनी विषारी होता. ती माणसे हे धान्य आठवडेच्या आठवडे दोन वेळा खात होती.

एकशे सहा माणसे. मी पुण्यात, मुंबईत, बऱ्या शिकलेल्या मंडळींत हा आकडा सांगून पाहिला आहे. डॉक्टर सोडले तर कोणालाही तो ठाऊक नव्हता, डॉक्टरांतही थोड्यांनाच. इंग्लंडमध्ये पक्षी मेले, तर त्या रोगाला नाव मिळाले, शास्त्राची एक शाखा उभी राहिली, कायदे झाले. आपल्याकडे माणसे मेली. त्यांची आठवण एका परदेशी साप्ताहिकाच्या जुन्या फायलीत आहे. तीस वर्षांनी, २००४ साली, केनियात तसेच घडले: तोच मका, तीच ओल, तीच कोरडवाहू गरिबी, ३१७ रुग्ण, १२५ मृत्यू. बुरशीला देश नसतो म्हणतात, पण तिला घर कोणाचे आवडते ते स्पष्ट दिसते.

याच्या उलट २०२४ ची धनत्रयोदशी आठवा. मध्य प्रदेशातल्या बांधवगडच्या जंगलात त्या दिवशी हत्ती मरून पडलेले आढळले. तेरा हत्तींचा कळप, त्यातले दहा तीन दिवसांत गेले. शेतातले कोदो त्यांनी खाल्ले होते, आणि बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या तपासणीत त्यांच्या शरीरात सायक्लोपियाझोनिक आम्ल सापडले. तेही बुरशीचेच विष. कोदो म्हणजे आपला कोकणातला हरीक. हरीक कधीकधी माजतो, खाणाऱ्याला झिंग आणतो, हे आपल्या जुन्या माणसांना शाळेत न जाता माहीत होते. सर्व वर्तमानपत्रांनी त्या हत्तींवर लिहिले, आणि ते योग्यच झाले. मलाही वाईट वाटले. पण त्या शेतांची मालक असलेली माणसे तेच कोदो खाऊन जगतात, हा विचार किती अग्रलेखांत आला? हत्तीसाठी आपण रडलो, कारण हत्ती मोठा आहे आणि त्याचे चित्र छापता येते. यकृत आत असते. त्याचे चित्र छापता येत नाही.

असो. आदिवासी आणि हत्ती हे दूरचे झाले, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी आता दूध.

२०१८ साली भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने देशभरातल्या हजाराहून अधिक गावां-शहरांतून दुधाचे ६,४३२ नमुने गोळा केले आणि २०१९ च्या ऑक्टोबरात निकाल प्रसिद्ध केला. दूध म्हटले की आपल्या घराघरांत कोणता विषय निघतो? भेसळ! युरिया घालतात, साबण घालतात, रंग घालतात. संध्याकाळच्या बातम्यांत धाड पडलेली दाखवतात, पांढरे फेसाळ काहीतरी गटारात ओततात, आणि आपण गॅलरीत बसून "काय हे, काय हे!" म्हणतो. तर या नमुन्यांत आरोग्याला घातक अशी भेसळ सापडली बारांत. सहा हजार चारशे बत्तिसांपैकी बारांत. आणि अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेबाहेर आढळले ३६८ नमुन्यांत, म्हणजे शेकडा ५·७. त्यातही सुट्या दुधापेक्षा पिशवीबंद दुधात प्रमाण अधिक.

हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून घटकाभर पाहावेत अशी माझी प्रत्येक घरातल्या कर्त्या माणसाला विनंती आहे. बारांसाठी आपण चोर शोधतो, कारण चोर सापडला की समाधान होते. तीनशे अडुसष्टांसाठी कोणी चोर नाही. तिथे एक दमट भिंत आहे, एक पोते आहे, आणि "त्यांना काय होतंय" म्हणणारा आपलाच दादा आहे. म्हणून त्याची बातमी होत नाही.

न्यायाने बोलायचे तर बाकीचे बहुतेक दूध चांगले होते, आणि मर्यादेपेक्षा थोडे अधिक विष एक दिवस पोटात गेल्याने कोणी अंथरूण धरीत नाही. दूध सोडा असे मी सांगत नाही. उद्या दिवाळीची बासुंदी मीही खाईन. प्रश्न रोजच्या पेल्याचा आहे. ज्याचे सारे अन्नच दूध, त्या लेकराचा आहे. अफ्लाटॉक्सिनाने यकृताचा कर्करोग होतो, ही आता शंका राहिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला सिद्ध कर्ककारकांच्या पहिल्या वर्गात बसवले आहे. ब-प्रकारच्या काविळीचा विषाणू ज्याच्या अंगात आहे, त्याला हा धोका कैक पटींनी अधिक. आणि हे विष आईने खाल्ले तर आईच्या दुधातही उतरते. गाय आणि आई यांच्यात त्याला भेद करता येत नाही.

इथे हटकून एक आजोबा उभे राहतात. "आमचे वडील असलंच खाऊन नव्वद वर्षं जगले." जगले असतील. पण त्याच वाड्यात कोणी चाळिशीत पोटात पाणी होऊन गेले, त्याला आपण जलोदर म्हटले, कोणी करणी म्हटले, आणि त्याचा पणतू सभेत उभा राहून साक्ष द्यायला आज नाही. नव्वदीला गेलेलेच तेवढे बोलतात, हा सर्व जुन्या-जाणत्या पुराव्यांतला दोष आहे.

दुसरे एक सद्गृहस्थ पेवांची आणि कणग्यांची थोरवी सांगतात. त्यांच्याशी माझे निम्मे पटते. जुन्या माणसांना वाळवणाचे मर्म ठाऊक होते. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे, मगच तो कोठीत. मक्यात शेकडा तेराच्या वर ओल राहू नये, असे आजचे शास्त्र सांगते; त्यांचा दात तेच सांगत होता. जुनी ज्वारीही अशी की पाऊस सरल्यावर निसवायची, कोरड्या हवेत पिकायची. १९६४ साली सीएसएच-१ हा संकरित वाण आला, त्याच्यामागून त्याची भावंडे आली. दाणा भरपूर, पण पिकते लवकर, भर पावसात, आणि कणीस काळे पडते. त्या संकरित ज्वारीने पोटे भरली हे मी विसरत नाही. पण काळ्या कणसाला आपण "स्वस्त ज्वारी" असे नाव दिले आणि गप्प बसलो. १९९५ साली आंध्र-कर्नाटकातल्या काही खेड्यांत भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन पोटदुखी-जुलाबाची साथ आली तेव्हा त्यामागे फ्युमोनिसिन हे आणखी एका बुरशीचे विष निघाले. कडुलिंबाचा पाला सोंड्याला हाकलतो. बुरशीला तो हात जोडून नमस्कार करतो. आणि पेवात उतरलेल्या ओलीने भिंतीलगतची ज्वारी कुबट होत असे, हे पेवाचे गोडवे गाणारे सांगत नाहीत. ती कुबट ज्वारी कोणाच्या वाट्याला जाई, हेही सांगत नाहीत. ती मालकाच्या पानात पडत नसे.

तिसरा पंथ नवा आहे: लाकडी घाण्याचे तेल. शहरात हल्ली त्याची दुकाने झाली आहेत, बाटल्यांवर बैलाचे चित्र असते. तेल उत्तम, मला आवडते. पण एक गोष्ट ऐकून ठेवा. शेंगदाण्यातले हे विष बहुतांशी पेंडीत राहते, थोडे तेलात येते. कारखान्यात क्षाराने तेल शुद्ध करताना ते निघून जाते, घाण्यावर निघत नाही. म्हणून घाण्याच्या तेलाचे पावित्र्य घाण्यात नाही, बैलातही नाही. घाण्यात ओतलेल्या दाण्यांत आहे. दाणे निवडले होते का, एवढा एकच प्रश्न त्या दुकानदाराला विचारा. आजीचे सूप या बाबतीत मोठमोठ्या यंत्रांना भारी आहे. सुरकुतलेले, रंग बदललेले, फुटके दाणे निवडून काढले की विषाचा फार मोठा भाग त्यांच्याबरोबर जातो. आजीचे निवडणे शंभर टक्के बरोबर होते. चुकले ते वाटी कुठे रिकामी करायची, एवढेच. आणि तेच बाजाराचेही चुकते आहे. निवडून काढलेला हलका दाणा तेलाला जातो, तेलाची पेंड गुरांना जाते, आणि वाटी फिरून आपल्या ओट्यावर येते.

आता मुख्य तक्रार. ती शेतकऱ्याविरुद्ध नाही, कारण त्याच्याविरुद्ध तक्रार करणे फार सोपे आहे. त्याने माल वाळवावा, असे पत्रक काढायला कितीसा खर्च येतो? वाळवायचे कुठे? काढणीला आलेल्या पिकावर ऑक्टोबरात चार दिवस पाऊस लागला तर त्याच्याकडे खळे नाही, ताडपत्री फाटकी, आणि बाजारात आज नेले नाही तर उद्या भाव पडणार. गोदामे बांधायला आपल्याकडे अनुदाने निघाली. गावापुरते वाळवणयंत्र अजून किती गावांत पाहायला मिळते? पाटनचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत भुईमुगातले हे विष तपासण्याची स्वस्त रीत फार पूर्वी निघाली. आफ्रिकेत तर बुरशीवर बुरशी सोडतात. विष न करणारी फ्लेव्हस शेतात पेरतात, म्हणजे विषारी बहिणीला जागा उरत नाही. पेंडीत विशिष्ट माती मिसळली तर ती बरेचसे विष आतड्यातच बांधून ठेवते आणि दुधात उतरू देत नाही. उपाय नाहीत असे नाही.

पण जे मोजले जाते त्याचेच पैसे मिळतात. गावच्या दूध केंद्रावर सकाळी सहाला काय मोजतात? फॅट आणि एसएनएफ. त्यावर दर. म्हणून साऱ्या गावाचे ध्यान फॅट कशी वाढेल याकडे. पेंड स्वच्छ घातली म्हणून लिटरला एक पैसा अधिक मिळाल्याचे मी ऐकलेले नाही. मग कोणी का घालावी?

आणि मोजता येत नाही असे म्हणाल तर तेही खरे नाही. आपला भुईमूग युरोपात जायचा असला की अपेडाच्या नियमाप्रमाणे त्याचे नमुने काढतात, प्रयोगशाळेत अफ्लाटॉक्सिन पाहतात, दाखला मिळतो, तेव्हाच तो जहाजावर चढतो. तिथल्या गोऱ्या मुलाच्या यकृताची एवढी काळजी आपण घेतो, याचा मला अभिमान आहे. ती निम्म्याने तरी सांगली-सोलापूरच्या मुलाची घ्यावी, इतकेच माझे मागणे. दुधातल्या एम-१ ची आपली मर्यादा किलोला ०·५ मायक्रोग्रॅम, युरोपची ०·०५, दहापट कडक. लगेच कोणी म्हणेल, अमेरिकेचीही आपल्याइतकीच आहे. खरे आहे, आणि म्हणून युरोपची मर्यादा आणा असा हट्ट मी धरीत नाही. आपलीच जी आहे ती पाळा. प्रत्येक दूध संघाने टँकर पोहोचताच रोज हे विष तपासावे, ज्या केंद्राचे दूध नापास होईल त्या गावी दुसऱ्या दिवशी पेंड पाहायला माणूस जावा, आणि पेंडेच्या पोत्यावर प्रथिनांच्या आकड्याशेजारी विषाचाही आकडा छापावा. नापास पेंड जाळावी. ती स्वस्तात पुढच्या तालुक्यात जाऊ नये. एवढ्यासाठी नवा शोध लागायची गरज नाही.

हे सगळे मी त्या रात्री गोठ्यात दादाला, इतक्या शिस्तीत नव्हे पण सांगितले. पंचमहालाचे ऐकून तो गप्प झाला. मग त्याने घमेले उचलले आणि उकिरड्याच्या पलीकडे खड्डा काढून ते पोते पुरले. नव्या पोत्याला निम्मे पैसे मी देतो म्हणालो, ते त्याने घेतले नाहीत. सकाळी आम्ही दोघे दुकानात गेलो. शिवण उसवून आतले दाखवा, असे मी म्हटले तेव्हा दुकानदार म्हणाला, "उसवलेलं पोतं मग घेणार कोण?" दादा मागून म्हणाला, "उसवा. घेतो मी." पोते कोरडे निघाले. दुसऱ्याची शिवण मात्र तो उसवायला तयार झाला नाही.

घरी आलो तर वहिनी दारातच उभी. रात्री तिने सगळे ऐकले होते.

"भाऊजी, तीन-चार दिवस दुधात राहतं म्हणालात ना?"

"हो."

"मग पोरांना नाही देत चार दिवस." तिने भरलेली किटली ओट्यावर ठेवली होती. ती दादाकडे पाहू लागली, दादा माझ्याकडे. "आणि हे?"

चौदा लिटर दूध होते. दिवाळीचा दिवस, घरात पाहुणे, पोत्याचे पैसे नुकतेच गेलेले. मी काही बोललो नाही. दादाने किटली मोटारसायकलला अडकवली आणि केंद्र बंद व्हायच्या आत तो निघून गेला.